तपासणीवाल्या वन्सं आणि प्लॅस्टिकचा कॅमेरा

आमच्या वन्संनी सव्वीस वर्षं बटणं तपासली. बटणांच्या कारखान्यात मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे, तिला तपासणी खातं म्हणतात. खिडकीला लागून लांब टेबल, टेबलावर हिरवं कापड आणि भोवती स्टुलांवर तेरा बायका. समोर ताटभर बटणं ओतायची, तळव्याने पसरायची आणि ज्याचं भोक सरकलंय, कड उडालीय, ते बोटाने बाजूला सारायचं. डावीकडे पास, उजवीकडे बाद. वन्संच्या उजव्या हाताचं पहिलं बोट त्याने इतकं गुळगुळीत झालंय की सुईत दोरा ओवताना दोरा सटकतो.

हे काम त्यांच्या अंगात पार मुरलेलं. मी दहा वाजता डाळ निवडून ठेवली की साडेदहाला त्या तीच डाळ पुन्हा निवडायला घेत. मला सुरुवातीला राग यायचा. मग एकदा त्यांनी त्यातून तीन खडे काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि माझा राग तिथेच संपला. कुणाच्या लग्नाला गेलो तर परत येताना नवरा मुलगा कसा होता म्हणून विचारावं, तर म्हणणार, "कोटाचं तिसरं बटण वेगळ्या घाण्याचं होतं." त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. त्यावरून आमचे हे त्यांची चेष्टा करतात, "ताई, तू माणूसही पालथा घालून बघितला असतास, म्हणून कोणी पुढे आलं नाही." वन्संचं उत्तर ठरलेलं. "आले होते दोघं. बाद केले."

सकाळचं देवाचं झालं की मी या वहीत चार ओळी लिहिते. कोण आलं, कोण काय बोललं, दूध टिकलं की नासलं. मोठं काही नसतं त्यात. पण पुढे सांगते ती गोष्ट या वहीमुळेच सुटली, म्हणून जुनी पानं काढून सगळं एकदा सलग लिहून ठेवते आहे.

त्या दिवशी वन्सं कामावरून आल्या आणि चपला न काढताच खुर्चीत बसल्या. असं त्या कधी करत नाहीत. मी पाणी दिलं.

"खातं बंद होतंय," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे राहिले. शेवटचा शनिवार."

"आणि तपासणी कोण करणार?"

"यंत्र. पट्ट्यावरून बटणं जातात, वर कॅमेरा बसवलाय. तो बघतो आणि वाईट बटण फुंकून टाकतो."

"फुंकून?"

"हवेने. फूऽऽ. मी बघून आले." मग म्हणाल्या, "चांगलं काम करतो गं. मी त्याच्या पासातली मूठभर उचलून पाहिली. एकच सापडलं."

पैशाचं कारखान्याने नीट केलं होतं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना वेगळंच लागलं होतं. त्या खोलीचा, त्या टेबलाचा, त्या बायकांचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. नव्या बटणांचे नमुने बाहेर जाऊ नयेत म्हणून फोन फाटकावरच जमा करून घेतात. त्याआधी कधी कुणाला सुचलं नाही. टेबल मोडीत जाणार, तेरा जणी तेरा दिशांना जाणार आणि सव्वीस वर्षं त्या कुठे बसल्या होत्या हे दाखवायला कागदाचा कपटाही राहणार नाही.

"मी सुपरवायझरना विचारलं," वन्सं म्हणाल्या. "ते म्हणाले फोन नाही म्हणजे नाही. पण जुना फिल्मचा कॅमेरा असेल तर आणा, त्यातून फोटो कुठे पळून जात नाही. रोल धुऊन आला की आधी मला दाखवायचा."

फिल्मचा कॅमेरा आमच्याकडे होता. ह्यांनी लग्नाआधी फुटपाथवर घेतलेला, काळ्या प्लॅस्टिकचा, हातात घेतला तर साबणाच्या डबीइतका हलका. माळ्यावरून काढला तेव्हा त्याच्या मागच्या झाकणाची खिट्टी अर्धी तुटलेली होती. हे म्हणाले, "ह्याने मी चाळीस फोटो काढले असतील. त्यातल्या पाचात माणसं दिसतात."

वन्संनी त्याला कानाशी धरून हलवलं, बटण दाबलं, टक् आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "बाद नाही. दुरुस्तीचा आहे."

स्टुडिओवाल्याकडून एक रोल आणून चाचणीचे फोटो काढले. स्टुडिओवाला म्हणजे कोपऱ्यावरचा जाडजूड माणूस. अजून रोल धुऊन देणारा तो एकटाच उरलाय आणि तेवढ्यावर फार मिजास करतो. चार दिवसांनी त्याने पाकीट पुढे सरकवलं. "तुमच्या घरात ऊन फार येतं वाटतं."

प्रत्येक फोटोवर उजवीकडून डावीकडे एक लालभडक पट्टा, जणू कुणी जळतं लाकूड ओढत नेलंय. पट्ट्याच्या खाली कुठे ह्यांचा कान, कुठे माझी कढई.

"उजेड गळतोय आत," तो म्हणाला. "नवा घ्या की एखादा चांगला."

"हाच करू चांगला," वन्सं म्हणाल्या. पुढचे चार दिवस आमच्या घरात तेवढंच चाललं.

उजेड गळतो म्हणजे काय, हे मला कळेना. पाणी गळतं तर ओल दिसते. उजेडाची ओल कुठे शोधायची? वन्संनी उलटा विचार केला. बाहेरचा उजेड आत जातो ते दिसत नसेल, तर आत उजेड ठेवून तो बाहेर कुठून येतो ते बघायचं. त्यांनी ह्यांची किल्लीला लावायची चिमुकली बॅटरी पेटवून कॅमेऱ्याच्या पोटात ठेवली, झाकण लावलं आणि आम्ही दोघी भर दुपारी अडगळीच्या खोलीत डोक्यावरून जाड चादर घेऊन बसलो. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. मग झाकणाच्या कडेने एक केसासारखी सोनेरी रेघ दिसली आणि बिजागरीपाशी दोन ठिपके. इतकं सुंदर दिसत होतं ते, काळ्या पेटीला कुणी जरीचा काठ लावावा तसं. मी काही बोलणार तेवढ्यात दार उघडून हे आत आले.

चादरीखाली दोन बायका बघून ते दारातच उभे राहिले. "कोणाची तक्रार असेल तर सरळ सांगा. लपून बसायची काय गरज?"

"दार लाव," वन्सं आतून म्हणाल्या. "उजेड आणलास."

झाकणाच्या खाचेत पूर्वी मऊ स्पंजची पट्टी होती, तिचा चिकट चिखल झाला होता. दातकोरणीला कापूस गुंडाळून वन्संनी तो खरवडून काढला. त्या जागी काय घालायचं यावर आम्ही बराच खल केला. स्पंज जाड होतो, झाकणच बसत नाही. कापडाचे धागे सुटतात. शेवटी माझ्या विणकामाच्या पिशवीतली काळी लोकर सापडली. एकच धागा, खाचेत नीट दाबून बसवला, जागोजागी डिंकाचा थेंब दिला. अगदी त्या खाचेसाठीच कातल्यासारखा बसला. पोटातल्या चकचकीत प्लॅस्टिकला शाळेच्या फळ्याचा काळा रंग लावला, म्हणजे आत गेलेला उजेड इकडेतिकडे उड्या मारणार नाही. तुटक्या खिट्टीवर रबरबँड. पुन्हा बॅटरी, पुन्हा चादर. ठार काळोख. "पास," वन्सं म्हणाल्या.

दुसरा रोल घातला. हा तीन-चार दिवस थोडा थोडा वापरला. देवापुढे बसले तरी माझं लक्ष त्या पाकिटाकडे. फोटोसाठी देवाला साकडं घालायचं का, हे मला ठरवता येईना. घातलं नाही, पण त्यालाही ते माहीत असणारच.

स्टुडिओवाल्याने या वेळी चेष्टा केली नाही. पाकीट देताना कपाळाला आठ्या होत्या. "पट्टा गेला. पण हे काय ते मला नाही कळलं."

पहिले तीन फोटो स्वच्छ. ह्यांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. पुढचे तीन जळून पांढरेफटक, कडेला नारिंगी, आतलं जेमतेम ओळखू येणारं. मग चार चांगले. मग पुन्हा तीन जळालेले. असं शेवटपर्यंत.

वन्संनी ते चोवीस फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि तासभर बघत राहिल्या. जेवल्या नाहीत. "भोक असेल तर सगळ्यांवर यायला हवं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तीन तीन का? हा कुठला दोष आहे?" शनिवारला पाच दिवस राहिले होते. तिथे गेल्यावर दुसरी संधी नव्हती. सोमवारी माणसं येऊन टेबल उचलणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत लिहायला बसले आणि सहज मागचं पान उलटलं. तिथे मीच लिहिलेलं: "वन्संनी कुंडीचा फोटो काढला, ह्यांचा दाढी करताना, शेजारच्या काकूंचा. मग अडगळीच्या खोलीत गेल्या, लोकर बघते म्हणाल्या." मी उठून फोटो पाहिले. कुंडी, दाढी, काकू. जळालेले तीन तेच. पुढचं पान काढलं. जिना, मांजर, माझी वाळत घातलेली चादर, "मग वन्सं पुन्हा अडगळीत." हेही तिन्ही जळालेले. मी तिसरं पान बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

हे मोठ्या नणंदेला कसं सांगायचं? मी चहा केला, समोर ठेवला.

"वन्सं, एक विचारू? तुम्ही अडगळीच्या खोलीत जाऊन काय करत होतात?"

"तपासत होते."

"झाकण उघडून?"

"मग? रोल पुढे सरकतोय की नाही ते कळायला नको? न बघता पुढे कसं ढकलायचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी डाळ न निवडता कुकरला लावली. "दार लावूनच उघडलं. क्षणभर. अंधारात."

"दाराखाली बोटभर फट आहे, वन्सं. तो अंधार आपल्यासाठी. फिल्मला पुरत नसेल."

त्यांनी कप खाली ठेवला. फोटोंकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"म्हणजे माल चांगला होता," त्या म्हणाल्या. "तपासून तपासून मीच खराब केला."

मला फार वाईट वाटलं. ज्या सवयीवर त्यांनी आयुष्य काढलं, तिनेच त्यांना गोत्यात आणलं होतं. उघडू नका म्हणून सांगणं सोपं. पण न तपासता चोवीस फोटो काढायचे म्हणजे वन्संना डोळे बांधून रस्ता ओलांडायला सांगण्यासारखं होतं. त्या उघडणार. त्यांनी नाही म्हटलं तरी हात उघडणार.

मी तशीच स्टुडिओत गेले. विचारलं, झाकण न उघडता रोल सरकतोय हे कळायची काही सोय आहे का? तो हसला. "वहिनी, डावीकडे वरती ते चपटं चाक असतं ना, रोल परत गुंडाळायचं? फिल्म पुढे गेली की तेही आपोआप फिरतं. बघत जा." तीस वर्षं कॅमेरा घरात होता, हे कुणाला माहीत नव्हतं. ह्यांना तर अजिबातच नाही. त्याने जास्त वेगाचा एक रोल दिला, खोलीतल्या कमी उजेडात चालेल असा, आणि खिडकीकडे पाठ करून काढा म्हणून बजावलं.

काळ्यावर काळं चाक फिरलेलं दिसणार कसं? मी शेजारच्या काकूंच्या सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून आणलं आणि चाकाच्या कडेला एक टिपका दिला. वन्संना म्हटलं, "तपासणी करायची, पण बाहेरून. हा ठिपका फिरला की पास."

त्यांनी चाकावर बोट फिरवलं. "आणि नाही फिरला तर?"

रोल त्यांनीच घातला, झाकणाच्या चारही कडांवर काळी चिकटपट्टी लावली, वरून रबरबँड.

शनिवारी संध्याकाळी त्या आल्या तेव्हा कॅमेरा जेवणाच्या रिकाम्या डब्यात होता आणि डबा छातीशी. पट्टी जशीच्या तशी. मी काही विचारायच्या आत सांगू लागल्या.

पहिला फोटो सगळ्या टेबलाचा. काढला, रोल सरकवायचं उजवीकडचं चाक पुढे ओढलं, डावीकडच्या चाकावरचा ठिपका बघितला. ठिपका हलला नाही. दुसरा काढला. ठिपका तिथेच. तोवर बारा जणी भोवती गोळा झालेल्या. आणि बारा जणी कोण? सगळ्या तपासणीवाल्या.

"उघडून बघ की," एक म्हणाली.

"अडकलं असेल आत."

"एकदाच उघड, मी उजेडाला आड उभी राहते."

"दे इकडे, माझी नखं बारीक आहेत, पट्टी न फाटता काढते."

"इतक्या हौसेने नटून आलोय आम्ही. फोटो आला नाही तर तोंड कुणाला दाखवायचं? न बघता पुढे ढकलतात का कधी?"

"माझंच वाक्य मला ऐकवत होत्या, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "माझाही अंगठा पट्टीखाली गेला होता. टोक सुटलं होतं जरासं. मला आतून वाटत होतं, सरकत नाहीये, सगळं वाया चाललंय, उघड. मग म्हटलं, मागच्या रोलला प्रत्येक वेळी उघडताना मला हेच वाटलं होतं."

"मग काय केलंत?"

"डब्यात घातला, झाकण लावलं आणि डब्यावर बसले. म्हटलं आधी सगळ्या जागेवर बसा. बसल्या. तेवढ्यात माझा हात शांत झाला. मग कॅमेरा काढला, पट्टीचं टोक परत दाबलं आणि तिसरा घेतला. चाक ओढलं. ठिपका..." त्यांनी बोटाने हवेत गोल काढला. "इतकासा. पण फिरला. सगळ्या एकदम ओरडल्या. सुपरवायझर धावत आले, त्यांना वाटलं कुणाचं बोट कापलं."

नंतर स्टुडिओवाल्याने सांगितलं की नव्या रोलमध्ये थोडी ढील असते, ती भरेपर्यंत डावीकडचं चाक फिरत नाही. हे त्याने आधी सांगायला काय झालं होतं, कोण जाणे.

चार दिवसांनी फोटो आले. वन्सं पाकीट घेऊन आधी सुपरवायझरना दाखवून आल्या, मग घरी टेबलावर ओतलं. कोपरे काळसर, कडा थोड्या मऊ, पण तेवीस फोटो स्वच्छ. हिरवं कापड, ताटं, खिडकीतून आडवा आलेला उजेड, एकेकीची वाकलेली मान, एकमेकींच्या कानात बोलणाऱ्या दोघी, चष्मा कपाळावर चढवून बटण डोळ्याशी धरणारी एक. मी त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सव्वीस वर्षं वन्सं रोज जात होत्या ती जागा मी पहिल्यांदा पाहत होते.

वन्सं मात्र फोटो दोन ढिगांत घालत होत्या. डावीकडे, उजवीकडे. उजवीकडे एकच पडला. तो चोविसावा.

तो सुपरवायझरांनी काढला होता. निघायच्या वेळी ते म्हणाले, तुम्ही कुठल्याच फोटोत नाही, द्या, मी काढतो. कॅमेरा हातात घेताना त्यांचा अंगठा नेमका खिट्टीवरच्या रबरबँडखाली शिरला. वन्सं एका ढांगेत पुढे झाल्या आणि त्याच क्षणी सुपरवायझरांनी बटण दाबलं. फोटोत वन्सं निम्म्या पुसट आहेत, हात लांब केलेला, पंजा उघडा, तोंड वासलेलं, केसाची पिन सुटलेली. आणि मागे बाराच्या बारा जणी पोट धरून हसतायत. एकीने टेबलावर डोकं टेकलंय.

"हा टाकून दे कुठेतरी," वन्सं म्हणाल्या. "भूत दिसते मी."

ह्यांनी तो फोटो उचलला आणि खिडकीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मग फक्त एवढंच म्हणाले, "ताई कामावर अशी असते होय."

रविवारी त्यातल्या चौघी-पाच जणी आमच्याकडे आल्या. वन्संनी त्यांच्यासमोर टेबलाचा सर्वांत नीट आलेला फोटो ठेवला, कोणाला किती प्रती हव्यात ते विचारलं. त्यांनी तो बघितला, छान आहे म्हणाल्या, बाजूला ठेवला आणि उजवीकडचा एकटा पडलेला उचलला. मग तो हातोहात फिरला. परत हशा. जाताना प्रत्येकीने तोच मागितला, आणि ज्या आल्या नव्हत्या त्यांचाही निरोप सोमवारी आला, आम्हालाही तोच.

"सव्वीस वर्षं," वन्सं मला म्हणाल्या, "एक बाद नग माझ्या हातून बाहेर गेला नाही. आता बारा वाटायचेत."

त्या कपडे बदलून स्टुडिओत जायला निघाल्या. दारातून परत फिरल्या.

"तेरा सांगते," त्या म्हणाल्या. "एक तुझ्या वहीला हवा असेल ना?"